रॅटच्या मेंदूत 'बघून शिकणं' कुठं होतं? सेमिनारवाल्यांसाठी पेपर वाचायची पद्धत

एमएस्सी झूलॉजी, सायकॉलॉजी नाहीतर फार्मसी करणाऱ्या आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरापोरींना लर्निंग आणि मेमरीवर सेमिनार द्यायचा राहिला की बहुतेक वेळा स्लाईडवर एकच ओळ येते, हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला एक भाग) म्हणजे मेमरी, आणि खाली पांढऱ्या रॅटचा फोटो. पण तुम्ही व्हिज्युअल डिस्क्रिमिनेशन हा टॉपिक घेतला असेल तर ही ओळ तुम्हाला पहिल्याच प्रश्नाला अडकवते, कारण दोन चित्रांतलं खाऊ देणारं चित्र कुठलं हे साधं काम हिप्पोकॅम्पस काढलेला रॅटसुद्धा बऱ्याच वेळा नॉर्मल रॅटइतक्याच वेगात शिकतो. मग हे शिकणं होतं तरी कुठं? याचं उत्तर एका नावात नाही भो, म्हणून भाग पाठ करत बसण्यापेक्षा या विषयावरचा कुठलाही पेपर हातात आला तर तो कसा उलगडायचा तेच इथं सांगतो.

सगळ्यात आधी मेंदू बाजूला ठेवा आणि टास्क वाचा. मेथडचा भाग लोक सोडून देतात आणि डायरेक्ट ग्राफवर जातात, तसं करू नका, अर्धं उत्तर मेथडमध्येच राहतं. रॅटला दोन गोष्टी दाखवतात, समजा आडव्या पट्ट्या आणि उभ्या पट्ट्या, एकीकडे गेलं की खाऊ आणि दुसरीकडे गेलं की काही नाही, आणि डावी-उजवी बाजू मध्येमध्ये बदलत राहतात म्हणजे तो नुसती बाजू पाठ करू शकत नाही. एवढंच टास्क, पण ते करून घ्यायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि पद्धत बदलली की निकाल बदलतो. कार्ल लॅशलेने १९३० मध्ये उडी मारायचा स्टँड वापरला, रॅट एका उंच स्टँडवर बसतो, समोर दोन कार्डं, बरोबर कार्डावर उडी मारली की कार्ड मागं पडतं आणि पलीकडं खायला मिळतं, चुकीचं कार्ड पक्कं बसवेल राहतं त्यामुळं रॅट त्यावर आपटून खाली जाळीत पडतो. त्याच्याआधी बऱ्याच लोकांना वाटत होतं की रॅटला आकार धड दिसतच नाहीत, आणि लॅशलेच्या स्टँडवर तेच रॅट आकार पटकन शिकले. रॅट तेच होते, फक्त आता त्यांना कार्डाकडे बघून मगच उडी मारावी लागत होती.

पुढं ग्लेन प्रस्की आणि त्याच्या सोबतच्यांनी २००० साली पाण्याचा टास्क आणला, एका टोकाला रुंद असलेला टँक, रुंद बाजूला दोन स्क्रीन, बरोबर स्क्रीनच्या खाली पाण्यात लपलेला प्लॅटफॉर्म, मध्ये एक आडपडदा. त्या पडद्याच्या टोकाशी रॅटला डावीकडं का उजवीकडं हे ठरवावंच लागतं, म्हणून त्याने चित्र किती अंतरावरून बघितलं हे आपल्याला माहीत राहतं. आणि टचस्क्रीन, ज्याची रॅटवरची सुरुवात केंब्रिजच्या बसी, म्युअर आणि रॉबिन्स यांच्या १९९४ च्या कामातून झाली, त्यात रॅट नाकाने चित्राला टच करतो आणि बरोबर असलं की खायची छोटी गोळी मिळते. तुमच्या पेपरमध्ये यातली कुठली पद्धत आहे ते पहिल्या स्लाईडवर लिहा. पाण्यात पोहून सुटका करून घेणं आणि भुकेपोटी स्क्रीनला टच करणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीचे आकडे एकाच टेबलात टाकून तुलना करू नका.

दुसरी पायरी, रॅटचा डोळा समजून घ्या. रॅटची नजर आपल्या मानाने फारच कमजोर. रंगीत डोळ्याच्या लाँग-एव्हन्स जातीला एका अंशाच्या कोनात साधारण १ पट्टीजोडी (एक काळी, एक पांढरी पट्टी) वेगळी ओळखू येते आणि पांढऱ्या लाल डोळ्याच्या विस्टार किंवा स्प्रेग-डॉलीला त्याच्या निम्मी, अंदाजे ०.५, तर चांगल्या नजरेच्या माणसाला ३० च्या पुढं. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत जे पांढरे विस्टार राहतात त्यांना बारीक नक्षीची चित्रं दाखवली आणि ते शिकले नाहीत म्हणून मेंदूला दोष दिला तर काय उपयोग, त्यांना ते दिसलंच नव्हतं. त्यात पांढऱ्या रॅटच्या रेटिनाला जास्त उजेडाने इजा होते, म्हणजे पिंजऱ्याच्या खोलीत ट्यूबलाईट किती आणि किती तास हेसुद्धा बघायला लागतं. रंगाचं म्हणाल तर रॅटला दोनच प्रकारचे कोन आहेत, एक अल्ट्राव्हायोलेटकडे झुकलेला आणि दुसरा हिरव्याच्या आसपासचा, लाल त्यांना फारच अंधुक दिसतो, त्यामुळं लाल-हिरवं असं डिस्क्रिमिनेशन कोणी दाखवलं तर तिथं उजेडाचा फरक बरोबर केला होता का हा प्रश्न आधी विचारा.

आणि एक गंमत, जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००६ मध्ये मिनिनी आणि जेफ्री यांनी तपासलं की त्रिकोण आणि चौकोन असं शिकणारे रॅट खरंच आकार बघतात का, तर निघालं असं की बरेच रॅट चित्राच्या खालच्या भागात उजेड किती आहे एवढ्यावरच काम भागवतात. म्हणजे पेपरात 'शेप डिस्क्रिमिनेशन' लिहेल असलं तरी रॅटच्या डोक्यात ते 'खाली उजेड कुठं जास्त' एवढंच असू शकतं. चित्रं वर-खाली सरकवून, लहान-मोठी करून, फिरवून पुन्हा टेस्ट केली का ते बघा. झोकोलान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तेच केलं, वस्तूंची साईझ आणि कोन बदलले तरी लाँग-एव्हन्स रॅट त्या ओळखत राहिले, तेव्हा कुठं खात्रीने म्हणता आलं की रॅट खरोखर आकारही वापरू शकतो.

आता तिसरी पायरी आणि इथं जरा थांबा. लीजन केला, म्हणजे मेंदूचा एक भाग निकामी केला, आणि रॅट शिकला नाही, तर त्याचा अर्थ काय? समजा यावल-रावेरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत ड्रिपला पाणी येत नाही. लाईट गेली असेल, स्टार्टर जळला असेल, फिल्टर चोक असेल, बोअर आटला असेल. स्टार्टर काढून ठेवला आणि पाणी बंद झालं म्हणून पाणी स्टार्टरमध्ये राहतं असं कोणी म्हणत नाही. रॅटचंही तसंच बघा. चित्र दिसायला पाहिजे, या चित्राला खाऊ आहे हे जोडायला पाहिजे, ते उद्यापर्यंत टिकायला पाहिजे, दोन्हींतून एक निवडायला पाहिजे, जुनी सवय चुकीची ठरली तर सोडायला पाहिजे, आणि नाक किंवा पाय तिकडं न्यायला पाहिजे. यातलं काहीही तुटलं तरी ग्राफवर एकच दिसतं, बरोबर उत्तरं कमी. म्हणून पेपर वाचताना वहीत दिसणं, जोडणं, टिकणं, निवडणं, सोडणं, हलणं असे सहा रकाने पाडा आणि पेपरातला प्रत्येक कंट्रोल टेस्ट (दुसरं कारण नाही ना हे तपासायची चाचणी) यातला कुठला रकाना खोडतो ते टिक करत चला, जो रकाना खोडला गेला नाही तो उघडा आहे असं समजा.

आता भाग घेऊ.

डोळ्यातून निघालेल्या नसा ९० टक्क्यांहून जास्त विरुद्ध बाजूला जातात, कारण रॅटचे डोळे बाजूला आहेत. त्यातल्या बहुतेक जाऊन टेकतात सुपीरियर कोलिक्युलसवर, जो मिडब्रेनमध्ये आहे, आणि एक वाट थॅलॅमसच्या लॅटरल जेनिक्युलेटमधून प्रायमरी व्हिज्युअल कॉर्टेक्सला जाते (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर). कॉर्टेक्स म्हणजे बघणं आणि बाकी सगळं फालतू असं समजू नका. लॅशलेने दाखवलं की मागच्या बाजूचा व्हिज्युअल कॉर्टेक्स काढला तर उजेड-अंधार यातला फरक आधी शिकलेला रॅट ती सवय विसरतो, पण पुन्हा शिकवला तर जवळपास आधी लागले तेवढ्याच प्रयत्नांत पुन्हा शिकतो, आणि ऑपरेशन आधी करून मग शिकवला तर नॉर्मलसारखाच शिकतो. मात्र आकारांचं डिस्क्रिमिनेशन, पट्ट्या-त्रिकोण वगैरे, व्हिज्युअल कॉर्टेक्स पूर्ण गेला की बिघडतं. एकाच भागाचं उत्तर उजेडासाठी वेगळं आणि आकारासाठी वेगळं आलं. म्हणून 'व्हिज्युअल डिस्क्रिमिनेशन' असं मोघम लिहू नका, कशाचं डिस्क्रिमिनेशन ते लिहा, आणि ऑपरेशन शिकवण्याच्या आधी का नंतर तेही लिहा. या दोन गोष्टी नसतील तर तुमच्या वाक्याला अर्थ नाही.

व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूला अजून दोन-तीन एरिया आहेत, तिकडं सरकत गेलं की पेशी साईझ आणि जागा बदलली तरी वस्तूला तसाच प्रतिसाद द्यायला लागतात. सेमिनारला एवढं पुरे.

आता डॉर्सल स्ट्रायटम, कॉर्टेक्सच्या खालचा भाग, याला जुन्या पेपरात कॉडेट म्हणतात. माझ्या मते साध्या व्हिज्युअल डिस्क्रिमिनेशनचा सेमिनार असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पॅकार्ड आणि मॅकगॉ यांचा १९९२ चा प्रयोग बघा, किती साधा आणि किती पक्का. पाण्यात दोन बॉल वर आलेले, एकावर उभ्या पट्ट्या एकावर आडव्या, एकाखाली रॅट उभा राहू शकेल असा प्लॅटफॉर्म आणि दुसऱ्याखाली बारीक काडी, चढायला गेला की पाण्यात. एका ग्रुपला जागा शिकायची होती, पट्टी कुठलीही असो प्लॅटफॉर्म तिथंच. दुसऱ्या ग्रुपला पट्टी शिकायची होती, जागा कुठलीही असो. फॉर्निक्स, म्हणजे हिप्पोकॅम्पसची केबल, तोडलेले रॅट जागा शिकायला मागे पडले आणि पट्टी व्यवस्थित शिकले. कॉडेट बिघडवलेले रॅट पट्टी शिकायला मागे पडले आणि जागा व्यवस्थित शिकले. पाणी तेच, पोहणं तेच, बॉल तेच, म्हणजे दिसणं आणि हलणं हे दोन्ही रकाने आपोआप खोडले गेले. याला डबल डिसोसिएशन म्हणतात, आणि पेपरात हे असलं की तो पेपर जड समजायचा, नुसता एक लीजन आणि एक टास्क असलेला पेपर त्याच्यापुढं हलकाच.

लगेच पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, मॅकडोनाल्ड आणि व्हाईट यांनी आठ हातांच्या रेडियल मेझमध्ये तिहेरी फरक दाखवला. आधी कुठल्या हातात गेलो ते लक्षात ठेवायचं काम हिप्पोकॅम्पसच्या लीजनने बिघडलं, खाऊशी जोडलेली खूण आवडायला लागायचं काम ॲमिग्डालाच्या (भावनांशी जोडलेला मेंदूचा भाग) लीजनने बिघडलं, आणि ज्या हातात दिवा लागलाय तिकडं जायचं काम डॉर्सल स्ट्रायटमच्या लीजनने. आणि यात एक गोष्ट अशी की सेमिनारला बसलेले सर उठून बसतील, दिव्याच्या कामात हिप्पोकॅम्पसची केबल तोडलेले रॅट नॉर्मलपेक्षा चांगले शिकतात. म्हणजे दोन सिस्टीम शेजारी शेजारी चालतात आणि कधी कधी एकमेकींच्या आड येतात.

मग हिप्पोकॅम्पसचा यात काहीच संबंध नाही का? तसंही नाही. लीजन आधी करून चित्रांची जोडी शिकवली तर रॅट शिकतो, हे वर आलंच. पण जोडी आधी शिकवली आणि नंतर पूर्ण हिप्पोकॅम्पस निकामी केला तर रॅट ती जोडी विसरल्यासारखा वागतो, आणि नवीन जोडी मात्र पुन्हा नीट शिकतो. हे २००८ च्या एप आणि सहकाऱ्यांच्या कामात आलंय. याचा अर्थ मी असा लावतो की हिप्पोकॅम्पस असला तर तो शिकण्यात भाग घेतोच, नसला तर बाकीचे भाग त्याच्याशिवाय काम करून नेतात. 'गरज आहे का' आणि 'भाग घेतो का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहावेत असे.

पेरिरायनल कॉर्टेक्सबद्दल (हिप्पोकॅम्पसच्या शेजारचा कॉर्टेक्स) थोडक्यात, दोन चित्रं एकमेकांपासून खूप वेगळी असतील तर याच्या लीजनने फारसं बिघडत नाही, पण चित्रांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतील, म्हणजे प्रत्येक तुकडा बरोबरमध्येही येतो आणि चुकीच्यातही, तर रॅट अडखळतो. चित्रं किती सारखी होती याचे फोटो पेपरात नसतील तर पेरिरायनलबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

आता रिव्हर्सल. रॅट शिकला की उलटं करायचं, आधी खाऊ देणारं चित्र आता रिकामं, रिकामं होतं ते आता खाऊचं. चुदासमा आणि रॉबिन्स यांनी २००३ मध्ये टचस्क्रीनवर हे केलं, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स (हा आणि पुढचा इन्फ्रालिम्बिक, दोन्ही मेंदूच्या पुढच्या बाजूचे भाग) नसलेले रॅट जुन्या चित्रालाच चिकटून राहिले आणि इन्फ्रालिम्बिक कॉर्टेक्स नसलेल्यांना नंतरच्या टप्प्यात नवीन जोडी बसवायला त्रास झाला. म्हणून रिव्हर्सलचा ग्राफ वाचताना एकूण चुका बघू नका. ५० टक्क्यांच्या खालचा भाग म्हणजे जुनं सुटत नाही, ५० च्या वरचा भाग म्हणजे नवं बसत नाही, दोन भाग वेगवेगळे मोजलेत का ते शोधा.

ग्राफवर अजून तीन गोष्टी तपासा. एक, बरोबरचा हिशोब. दोनच पर्याय आहेत त्यामुळं डोळे मिटून निवडलं तरी ५० टक्के येणारच, १० पैकी ८ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता साधारण साडेपाच टक्के आणि २० पैकी १५ किंवा जास्त यायची साधारण २ टक्के, म्हणून क्रायटेरियन (रॅट शिकला असं मानायची हद्द) किती ठेवला आणि किती सेशन सलग मागितले हे पाहिजेच, ८० टक्के सलग दोन दिवस असं काहीतरी राहतं. दोन, बाजूची सवय. बरेच रॅट सुरुवातीला फक्त डावीकडंच जातात, तेव्हा आकडा बरोबर ५० येतो आणि वाटतं अंदाजे चाललंय, पण ते अंदाजे नाही, ती पक्की सवय आहे आणि काही लीजनने ती वाढते. करेक्शन ट्रायल, म्हणजे चुकलं की तोच प्रश्न बरोबर येईपर्यंत पुन्हा, हे त्याच्यासाठीच देतात आणि ते मुख्य टक्केवारीत धरत नाहीत. तीन, शॅम ग्रुप आहे का, म्हणजे डोकं उघडलं पण भाग बिघडवला नाही असे रॅट.

लीजन कसा केला तेही बघा. जुन्या काळी ओढून काढायचे नाहीतर करंट देऊन जाळायचे, त्यात तिथून जाणाऱ्या दुसऱ्याच्या तारासुद्धा तुटतात. आयबोटेनिक ॲसिडसारखी रसायनं पेशी मारतात आणि जाणाऱ्या तारा बऱ्यापैकी वाचवतात. मस्किमॉल दिलं तर भाग काही तास झोपतो आणि परत जागा होतो, म्हणजे तोच रॅट स्वतःचा कंट्रोल. हे किरकोळ वाटेल पण नाही, माकडांमध्ये ऑर्बिटोफ्रंटल आणि रिव्हर्सलचा जो संबंध वर्षानुवर्षं शिकवला गेला तो २०१३ मध्ये रूडबेक आणि सहकाऱ्यांनी तारा वाचवून लीजन केल्यावर दिसला नाही. पेपरात मेंदूच्या कापांची चित्रं राहतात, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा लीजन वेगळ्या छटेत दाखवेल राहतो, तो मोठा शेजारच्या भागात घुसला का ते पेन्सिलीने बघा.

या सगळ्यावर रॉबर्ट थॉम्पसनचं काम ठेवा. त्याने रॅटच्या मेंदूत जागोजागी लहान लीजन करून वेगवेगळी टास्क घेतली, आणि कुठलंही टास्क असो बिघडतंच अशा जागा कॉर्टेक्सच्या खाली निघाल्या, ग्लोबस पॅलिडस, सब्स्टान्शिया नायग्रा, थॅलॅमसचा व्हेंट्रोलॅटरल भाग, सुपीरियर कोलिक्युलस वगैरे. म्हणून एखादा लीजन व्हिज्युअल टास्क बिघडवतो एवढ्यावरून तो 'व्हिज्युअल लर्निंगचा भाग' होत नाही, त्याच रॅटला वास किंवा स्पर्शाचं डिस्क्रिमिनेशन जमतं का ते दाखवायला पाहिजे.

आता कोणाला स्वतः प्रयोग करायची हौस येईल तर ऐका. घरी, शेतात, कापसाच्या वावरातले उंदीर पकडून काहीही करायचं नाही. कॉलेजचं ॲनिमल हाऊस सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) रजिस्टर पाहिजे, इन्स्टिट्यूशनल ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आधी पाहिजे, आणि ऑपरेशन ट्रेनिंग घेतलेल्याच माणसाने करायचं. आपल्याकडं तर उन्हाळ्याचाही हिशोब धरा, मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो आणि रॅटच्या खोलीत २०-२४ पाहिजे, एसीला बॅकअप नसेल आणि दुपारी लाईट गेली तर जनावरांचे हाल होतात आणि डेटाही जातो, म्हणून बिहेवियरचं काम दिवाळीनंतर लावा. रॅट रात्रीचा प्राणी आहे, दिवसा टेस्ट घ्यायची असेल तर लाईट सायकल उलटी करा. परवानगी नसेल तर मित्रांवर करा, दोन अनोळखी नक्ष्या कार्डावर काढा, डावी-उजवी बाजू नाणं उडवून ठरवा, तोंडाने काही सांगू नका फक्त बरोबर-चूक म्हणा, आणि सलग काही बरोबर आले की न सांगता उलटं करा. माणूस रॅटपेक्षा खूप लवकर शिकेल पण उलटं केल्यावर तो जुन्या कार्डाला किती वेळा जातो ते मोजलं की रिव्हर्सलचा ग्राफ कसा बनतो ते तुमच्या हाताला कळेल.

सेमिनारला वाक्य असं म्हणा: 'डॉर्सल स्ट्रायटम निकामी केल्यावर पाण्यातल्या टास्कमध्ये पट्ट्यांचं डिस्क्रिमिनेशन शिकणं मंदावलं, जागेचं मंदावलं नाही.' 'डॉर्सल स्ट्रायटम व्हिज्युअल मेमरी साठवतो' असं म्हणू नका, ते या डेटातून निघत नाही. आणि शेवटी कोणी विचारलंच की मग मेमरी आहे कुठं, तर घाबरू नका, सहा रकान्यांचं टेबल स्क्रीनवर लावा, तुमच्या पेपरने कुठले खोडले आणि कुठले उघडे राहिले ते दाखवा, आणि उघड्या रकान्यासाठी पुढचा कुठला टेस्ट घेतला पाहिजे तो एक सांगा.